बाप आता अंथरुणावर आहे, पण भाचा रात्री दचकून उठतो. आधी कुणाशी बोलू?

बोरीकाठची (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. गाव अमळनेर तालुक्यातलं आहे, नाव लिहीत नाही. मी आता धुळ्याला असते. नोकरी आहे, नवरा समजूतदार आहे, एक मुलगी आहे. विचारायचं आहे भाच्याबद्दल, पण मागचं सांगितल्याशिवाय ते कुणाला कळणार नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाप जिनिंगवर कामाला होता. कापसाच्या हंगामात हातात पैसा खेळायचा आणि मायला जास्त मार त्याच महिन्यांत बसायचा. लोक म्हणतात दारूमुळे. दारू होतीच. पण पिऊन तो कधी मालकाच्या अंगावर गेला नाही, पारावर कुणाशी भांडला नाही. गल्लीतून येताना प्रत्येकाला रामराम घालत यायचा. त्याची शुद्ध हरपायची ती आमच्या उंबऱ्याच्या आत. यावरून काय ते समजा.

घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. उन्हाळ्यात सगळी गल्ली धाब्यावर झोपायची, तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही असं काही नव्हतं. शेजारचे जिभाऊ ओट्यावर येऊन मोठ्याने खोकायचे. त्या खोकल्याने कधी कधी बापाचा हात थांबायचा, म्हणून त्यांना मी नावं ठेवत नाही. मायचं मनगट मोडलं तेव्हा तिने दवाखान्यात सांगितलं की शिडीवरून घसरले, आणि तसंच लिहून घेतलं गेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माय माहेरी जायची. मग मामा यायचे, चार माणसं ओट्यावर बसायची, चहा व्हायचा, बाप खाली मान घालून बसायचा. पोळ्यापर्यंत बरं जायचं.

आम्ही तिघं. मी मोठी. बापाची एम-एटी मोपेड गल्लीच्या तोंडाशी आली की माझे कान टवकारलेले. स्टँड एका दमात लागलं तर निभावलं. घसरलं, की धाकटीला झोपेतच कडेवर घ्यायचं आणि जिभाऊंच्या मागच्या दाराने आत शिरायचं. भाऊ यायचा नाही. तो मायच्या पुढे जाऊन उभा राहायचा, सात-आठ वर्षांचं पोरगं. त्यात त्यालाही बसायचं. पुढे काही वर्षं तो बोलताना अडखळायचा, मास्तर त्याला उभं करून वाचायला लावायचे नाहीत. मोठा झाल्यावर त्याने मला एकदाच विचारलं, “ताई, तिला न्यायचीस, मला ओढून का नाही नेलं?” मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

माझंही सांगते. स्टोव्हवर भाजी असताना मारामारीत एकदा स्टोव्ह कलंडला होता. आज माझ्या घरात कुणी नुसतं मोठ्याने हसलं तरी मी आधी गॅस बंद करते. नवऱ्याला वाटायचं मी काटकसर करते.

धाकटीला यातलं काहीच आठवत नाही. ती शाळेत जायला लागली तोवर बापाचं लिव्हर खराब झालं होतं, दारू सुटली होती. तिला आठवतं ते सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडणारे आबा. आता आबांना लकवा झालाय, आणि ती जवळच दिलेली असल्यामुळे सगळं तीच करते. भरवते, अंग पुसते. मी गेले की दारातूनच विचारपूस करते. त्यावरून आमच्या दोघींत बोलणं जवळजवळ बंद आहे.

आता मुद्द्याचं. भाऊ जळगावला एमआयडीसीत आहे. दारूला शिवत नाही, वहिनीवर हात उचलत नाही, आणि हे तो स्वतःच वारंवार सांगतो, “मी आबांसारखा नाही.” पण भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. राग आला की आठवडाभर अबोला, घरखर्चाचे पैसेही बंद. वहिनीचा मोबाइल रोज तपासतो. माहेरचा फोन आला की शेजारी येऊन बसतो. भाचा पहिलीत आहे. दिवाळीपासून तो पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय, तीन वर्षांचा असताना सुटलं होतं ते. बापाच्या किल्लीचा आवाज आला की उठून उभा राहतो. आणि वहिनीने परवा जे सांगितलं त्यानंतर मला झोप नाही: पोरगं आईचा मोबाइल तांदळाच्या डब्यात लपवून ठेवतं, पप्पा चिडू नये म्हणून.

वहिनीने आधी मायला सांगून पाहिलं होतं. माय म्हणे, “हात ते नई लावस ना? मंग काय दुख से तुले?”

मी भावाशी बोलू, मायशी बोलू, की वहिनीला आणखी काही करायला सांगू? पोराचं अंथरूण ओलं होणं याच्यामुळेच असेल का? धाकटीला खरं काय ते पटवून देऊन आधी आम्ही तिघं एक व्हावं असं मला वाटतं, पण ते शक्य दिसत नाही.

---

सरळ_बोलतो

ताई, राग मानू नका. नणंदेने भावाच्या संसारात पडलं की दोन घरं मोडतात. तुमचा भाऊ कमावतो, व्यसन नाही, मारत नाही. यापेक्षा जास्त काय पाहिजे? संतापी माणसं असतात. पोरगं मोठं होईल तसं सुटेल. घरातलं घरात ठेवा, हे समुपदेशन वगैरे सुरू झालं की वकीलच जगतात.

---

शिरपूरचे_गुरुजी

वरच्या भाऊंचं वाचलं. असो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी काढली, शेवटी शिरपूर तालुक्यात निवृत्त झालो. मानसशास्त्र शिकलेलो नाही, पण पोरं पाहिली आहेत. सगळ्यांचं लक्ष जातं दांडगाई करणाऱ्या पोराकडे. घरी मारहाण पाहणारी काही पोरं दांडगाई करतात हे खरं. पण काही इतकी शहाणी असतात की वर्षभर तुम्हाला त्यांचा आवाज आठवत नाही. वही स्वच्छ, पाटी जागेवर, न सांगता फळा पुसलेला. आम्ही मास्तर लोक त्यांना आदर्श विद्यार्थी म्हणून टाळ्या वाजवून घ्यायचो! शाळा सुटल्याची घंटा झाली की बाकीचे गोफणीतून सुटल्यासारखे पळायचे आणि असं एखादं पोरगं दप्तर भरत बसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा भरायचं. सुट्टीच्या आदल्या दिवशी पोट दुखणारीही पाहिली आहेत. शाळेच्या भीतीने सोमवारी पोट दुखतं, यांचं शनिवारी दुखायचं.

अशा पोराला “घरी काय झालं रे?” विचारू नये. ते आईबापांपैकी कुणाची तरी चहाडी करायला लावणं झालं. मी त्याला काम द्यायचो. झाडांना पाणी, वाचनपेटीची किल्ली. रोज ठरल्या वेळी, ठरल्या माणसाबरोबर, ठरलेलं काम. महिनाभराने ते आपणहून एखादं वाक्य बोलायचं, आणि तेव्हा आपण दचकायचं नाही, “बापरे” म्हणायचं नाही. ऐकायचं, आणि “बरं केलंस सांगितलंस” एवढंच म्हणायचं.

तुमच्या भाच्याच्या वर्गशिक्षिका कशा आहेत ते वहिनींना विचारा. बाई चांगल्या असतील तर त्यांना सगळी कथा सांगायची गरज नाही. “सध्या घरी ताण आहे, याला लघवीला जायला अडवू नका, सगळ्यांसमोर रागावू नका” एवढं पुरे.

आणि तांदळाच्या डब्याचं. त्या पोराला कुणीतरी सांगा की मोबाइल सांभाळणं तुझं काम नाही. मात्र आत्याने फोनवर सांगू नये, आईने सांगावं.

---

धाकटीच

मी रावेरकडची, केळीच्या पट्ट्यातली. बोरीकाठचीताई, मी तुमच्या धाकट्या बहिणीच्या जागेवर आहे, म्हणून लिहितेय. थोडं लागेल.

माझ्या ताईने एकदा मला बसवून वडिलांनी काय काय केलं त्याची सगळी जंत्री ऐकवली. तारीखवार. मी रडले नाही म्हणून ती माझ्यावर चिडली. पण मला काय करता येणार होतं? माझ्या डोळ्यांसमोर कानबाईच्या मिरवणुकीत मला खांद्यावर घेणारे वडील आहेत. तेही खरेच होते. ताईच्या डोळ्यांसमोर ते नाहीत कारण तिला कुणी खांद्यावर घेतलंच नाही. मी तिचं खोटं मानत नाही. पण माझी आठवण मी फेकून द्यावी तेव्हाच ती मला आपली मानेल, असं का?

आणि आम्हा धाकट्यांना काही माहीत नसतं हेही अर्धंच खरं. मी मारहाण पाहिली नाही. पण संध्याकाळी वडील घरी असताना मी कधी काही मागितलं नाही, वहीसुद्धा नाही. मैत्रिणीच्या घरी तिच्या वडिलांच्या अंगावर पोरं चढून खेळताना पाहिली तेव्हा मीच घाबरले होते, आता काहीतरी होणार म्हणून. कुणी न शिकवता हे अंगात कुठून आलं?

तुमची बहीण वडिलांचं करते म्हणजे तिने त्यांना माफ केलं किंवा ती त्यांच्या बाजूची झाली असं नसतं. मळलेली चादर कुणाला तरी बदलायची असते. तुम्ही धुळ्याला, भाऊ जळगावला. गावात उरलं कोण? एकदा तिला नुसतं “तुझे हात दुखत असतील” म्हणून बघा. आबांचं नाव न काढता.

तिघांनी एक व्हायची वाट बघू नका. मागचं काय झालं यावर तुमचं एकमत होणार नाही, आणि पोरगं तोवर तिसरी-चौथीत जाईल.

---

कक्षातली_ताई

उशिरा लिहितेय, आज दिवसभर प्रकरणं होती. मी महिला व मुलांसाठीच्या विशेष सहाय्य कक्षात बरीच वर्षं काम केलं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत हे काम सुरू केलं, पुढे ते राज्यभर जिल्ह्यांत आलं. पोलिसांच्या आवारात बसतात म्हणून लोकांना वाटतं तिथे गेलं की गुन्हाच दाखल होतो. तसं नाही. बाई नुसती बोलायलाही येऊ शकते.

ताई, सगळ्यात आधी: भावाशी आज बोलू नका. तुम्ही कितीही गोड बोललात तरी पहिल्याच वाक्यात त्याला कळेल की बायकोने घरातलं बाहेर सांगितलं, आणि त्याची वसुली तिच्याकडून होईल. ती तुम्हाला जे सांगते ते तिच्या मर्जीशिवाय कुठेही जाता कामा नये, तुमच्या मायकडेही. फोन तपासला जातो म्हणून लिहून काही पाठवू नका. त्याच्या कामाच्या पाळीच्या वेळात, तिला सोयीचं असेल तेव्हा बोला.

तुमच्या मायच्या बोलण्यावर मी बराच वेळ थांबले. अशा घरांत मार हेच माप होऊन बसतं. आबांच्या मापाने मोजलं तर भाऊ सज्जन ठरतो. माय त्याच मापाने सुनेला मोजते, आणि भाऊ स्वतःलाही त्यानेच मोजतो. माय निर्दय नाही. सुनेचं दुःख खरं मानलं तर स्वतःचं केवढं होतं ते पाहावं लागेल, आणि ते तिला या वयात झेपत नसेल. ती एकटीही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या ४५ टक्के बायकांनी कोणत्या ना कोणत्या कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य मानलं होतं, आणि पुरुषांचा आकडाही जवळपास तेवढाच होता. महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चारातल्या एकीने नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. अबोला, पैसे तोडणं, फोन तपासणं त्या चारातल्या एकीत धरलेलंच नाही.

कायद्याचं माप मात्र वेगळं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच धरला आहे. घरखर्च तोडणं त्यात येतं. हा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा कायदा आहे. वहिनी न्यायालयाकडे संरक्षण, त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलाचा तात्पुरता ताबा मागू शकते. नवऱ्याला तुरुंगात घालण्यापासून सुरुवात होत नाही, आदेश मोडला तर कलम ३१ खाली शिक्षा आहे. या कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरता येतो, आणि वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत मदत मिळते, तिचं उत्पन्न न बघता. “वकीलच जगतात” म्हणणाऱ्या भाऊंनी हे लक्षात ठेवावं. कलम ४ नुसार शेजाऱ्यानेही चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. जिभाऊंच्या काळात हा कायदा असता तर बहुधा ते तरी खोकलेच असते, पण खोकल्यापलीकडे एक वाट आहे हे सांगायला हवं.

यातलं काही करायचं की नाही ते वहिनीने ठरवायचं. आत्ता तिला नको असेल तर नको. पण आधार, मुलाचा जन्मदाखला आणि बँकेचं पासबुक यांच्या प्रती तुमच्याकडे किंवा तिच्या माहेरी असू द्या. १८१ ही महिलांची मदतवाहिनी, १०९८ मुलांची, जीवावर बेतलं तर ११२. हे तिला फोनमध्ये साठवायला लावू नका, तोंडपाठ करायला सांगा.

भाच्याबद्दल. सहा महिन्यांहून जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं तर ताणाचा संशय घ्यावा, पण आधी डॉक्टर. लघवीचा जंतुसंसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठ हे तपासून घ्यावं लागतं. सगळंच घरच्या वातावरणावर ढकलून खरा आजार निसटू देऊ नये. तोवर रागावणं नाही, पाणी तोडणं नाही, ओली चादर वाळत घालून चारचौघांत लाजवणं नाही. किल्लीच्या आवाजाला उभं राहणं मात्र तुम्ही स्वतःच ओळखलं असणार. स्टँडच्या आवाजाला तुम्ही तेच करत होतात. वारंवार धोका अनुभवलेलं शरीर आवाज ऐकताच तयारीला लागतं, छाती धडधडते, विचार नंतर येतो. म्हणून तुम्ही आज गॅस बंद करता. यात वेडेपणा काही नाही. त्या वयात त्याने तुम्हाला वाचवलं होतं, आता धोका गेल्याचा निरोप शरीराला पोचलेला नाही. यावर उपचार आहेत, तुम्हीही घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीतून, फुकट, रात्रीसुद्धा बोलता येतं.

१९९८ मध्ये फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेत सॅन दिएगोच्या हजारो प्रौढांच्या बालपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईला मारहाण होताना पाहणं हा त्यातला एक वेगळा प्रश्न होता. लहानपणी असे आघात जितके जास्त, तितकं पुढे नैराश्य, दारू, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त आढळलं. पण हे प्रमाण आहे, पत्रिका नव्हे. त्या घरातून आलेले अनेकजण तुमच्या मुलीच्या बापासारखे शांत निघतात.

(माफ करा, तुमचे पती तशा घरातले आहेत की नाही मला माहीत नाही. मुद्दा कळला असेल.)

भावाशी बोलायचं ते नंतर, वहिनी हो म्हणाली की, आणि तिच्याबद्दल नाही. त्याने तुम्हाला विचारलेल्या त्या प्रश्नापासून बोला. उत्तर तयार हवंच असं नाही. “तू मायपुढे उभा राहायचास ते मी पाहिलं होतं” असं त्याला आजवर कुणी म्हटलंय का? एवढ्याने तो ताटं फेकायचा थांबेल असं मी सांगत नाही. जे करतो त्याचा जाब त्याचाच आहे, बालपण हे कारण असेल, परवाना नाही. पण मदत घ्यायला तो तयार झालाच, तर ती वाट इथूनच निघेल.

---

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. माझे पती तशाच घरातले आहेत, ताई. साक्रीकडचे. त्यामुळे तुमचं वाक्य बरोबर बसलं, माफी कशाला?

सरळबोलतो भाऊ, घरातलं घरात ठेवण्याचं काम आमच्या मायने चोख केलंय. मनगट अजून वाकडं आहे.

गुरुजी, ते शनिवारचं पोटदुखीचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला.

धाकटीच, तुमचं लागलं. तुमचं वाक्य जसंच्या तसं नाही जमलं, पण बहिणीला फोन केला आणि विचारलं की लकव्याच्या माणसाला कुशीवर कसं वळवतेस, तुझी पाठ जात असेल. ती बराच वेळ सांगत राहिली. आबांच्या वजनापासून डायपरच्या भावापर्यंत. पुढच्या रविवारी मी जाऊन एक दिवस तिला मोकळं करणार आहे. आबांचं अंग पुसणं मला जमेल असं वाटत नाही, पण चादरी धुते आणि स्वयंपाक करते असं सांगितलंय.

वहिनीशी दुपारी बोलले, तो कामावर असताना. तिला अर्ज वगैरे नको आहे, निदान आत्ता. पोराला डॉक्टरला दाखवायला तयार आहे, पण जळगावला दाखवलं तर भाऊ सोबत येणार आणि सगळं तोच बोलणार. मग आम्ही असं ठरवलं: आखाजीला ती माहेरी शिंदखेड्याला जाणारच आहे, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. तिथून धुळं जवळ. आत्याकडे सुट्टीला म्हणून चार दिवस दोघं माझ्याकडे येतील. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवू. मोबाइलचंही तिने पोराला सांगितलं. तर ते म्हणे, “मग कोण लपवेल?”

एक विचारायचं राहिलं. बाप सोबत नसताना नुसत्या आईने पोराला दाखवलं तर चालतं का? आणि कागदावर काय लिहितात, तो कागद घरी गेला तर?

---

कक्षातली_ताई

चालतं. आई पालक आहे, वडिलांच्या सहीची गरज नाही. दोघांचं आधार घ्या. आधी बालरोग विभागात जा, लघवीची तपासणी होऊ द्या, आणि त्याच डॉक्टरांना मानसोपचार विभागाकडे चिठ्ठी द्यायला सांगा. वहिनीला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीला बोलायचं आहे असं तुम्ही सांगा, तेवढ्यात भाच्याला बाहेर घेऊन बसा. त्याच्या देखत घरचं सांगायला लावू नका.

कागद तुमच्याकडे ठेवा, घरी नको. तपासणीचा अहवाल तेवढा वहिनीने न्यावा, भावाने विचारलं तर दाखवायला तो पुरतो. केसपेपर सकाळी लवकर काढा, आखाजीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग बंद असू शकतो हे धरून चाला.